पाँडिचेरीची ती सकाळ: १७६९ च्या शुक्र अधिक्रमणाचा प्रकरण अभ्यास

शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पाहण्यासाठी फ्रान्सहून निघालेला गियोम ल जाँती साडेअकरा वर्षे घराबाहेर राहिला, त्या काळात दोन अधिक्रमणे झाली, आणि दोहोंपैकी एकाचाही उपयोगी पडेल असा वेध त्याला घेता आला नाही. 'सर्वांत दुर्दैवी खगोलवेत्ता' या बिरुदाखाली ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की त्याने कोणते निर्णय घेतले, ते कोणत्या माहितीच्या आधारे घेतले आणि त्यांतले कोणते खरोखर चुकले, याची तपासणी सहसा होतच नाही. नशिबाला बोल लावला की चौकशी संपते. ती संपू नये, कारण या प्रकरणात निरीक्षणाच्या नियोजनाविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे मला वाटते आणि म्हणून ही मांडणी केली आहे.

काय मोजायचे होते

अठराव्या शतकाच्या मध्यास ग्रहमालेचा नकाशा तयार होता, पण त्याची प्रमाणपट्टी नव्हती. केप्लरच्या तिसऱ्या नियमामुळे ग्रहांच्या अंतरांची परस्पर गुणोत्तरे ठाऊक होती. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे त्याच्या सुमारे ०.७२ पट अंतरावर शुक्र आहे, हे सांगता येत होते. मात्र ते मूळ अंतर कोसांत किंवा मैलांत किती, याचे भरवशाचे उत्तर कोणापाशी नव्हते. शुक्राचे अधिक्रमण हा ते अंतर काढण्याचा मार्ग आहे, हे एडमंड हॅली याने १७१६ मध्ये सविस्तर मांडले. पृथ्वीवर एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणांहून पाहिले तर शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरील किंचित वेगळ्या रेषांवरून जाताना दिसतो, त्यामुळे बिंब ओलांडायला लागणारा वेळ काही मिनिटांनी वेगळा येतो, आणि त्या फरकातून सूर्याचा पराशय, म्हणजे सूर्यावरून पाहिले असता पृथ्वीची त्रिज्या ज्या कोनात मावेल तो कोन, काढता येतो. हा कोन नऊ विकलांहूनही कमी आहे आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, एवढे सांगितले म्हणजे कामाची नाजूक जात लक्षात येईल.

हॅलीच्या रीतीला अधिक्रमणाचा आरंभ आणि शेवट दोन्ही दिसावे लागत. पॅरिसच्या झोझेफ निकोला दलील याने त्यात फेरफार सुचवला: आरंभ किंवा शेवट यांपैकी एकच स्पर्श, म्हणजे शुक्राचे बिंब सूर्याच्या कडेला लागण्याचा क्षण, अचूक वेळेसह टिपला तरी चालेल, मात्र निरीक्षकाचे रेखांश काटेकोरपणे माहीत हवेत. ही अट पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. रेखांशात एका अंशाची चूक झाली तर वेळेत चार मिनिटांची चूक होते, आणि इथे तर सेकंदांचा हिशेब होता.

प्रसंग दुर्मीळ असल्यामुळे चुकीला जागाही नव्हती. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ३.४ अंशांनी कललेली असल्याने बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि त्यानंतर शतकाहून अधिक काळ येत नाहीत. १६३१ आणि १६३९ नंतरची जोडी १७६१ आणि १७६९ ची होती. तीही हुकली तर पुढची १८७४ मध्ये.

पहिला निर्णय: जहाज

ल जाँती २६ मार्च १७६० रोजी फ्रान्समधून निघाला तेव्हा त्याचे वय ३४ होते. विज्ञान अकादमीने त्याच्यासाठी पाँडिचेरी निवडली होती आणि निवड योग्य होती, कारण ६ जून १७६१ चे अधिक्रमण भारतातून सकाळपासून दुपारपर्यंत पूर्ण दिसणार होते आणि पाँडिचेरी फ्रेंचांच्या ताब्यात होती. अडचण होती ती युद्धाची. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात सात वर्षांचे युद्ध चालू होते, आणि कर्नाटकातील (म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या भागातील) फ्रेंचांची बाजू तो निघण्यापूर्वीच, जानेवारी १७६० मध्ये वांदिवाशच्या लढाईत ढासळली होती. समुद्रमार्गाने बातमी पोहोचायला महिनोन् महिने लागत, त्यामुळे प्रवासाला निघणारा माणूस नेहमी जुन्या माहितीवर निघत असे.

जुलै १७६० मध्ये तो मॉरिशसला पोहोचला. हे बेट तेव्हा फ्रेंचांचे होते. पुढे जाणारे जहाज मिळेना. शेवटी त्याने जवळच्या रॉड्रिग्ज बेटावर जाऊन तिथूनच वेध घ्यायचे मनाशी ठरवले होते. इतक्यात भारताकडे कुमक घेऊन जाणाऱ्या फ्रेंच लढाऊ जहाजावर जागा मिळाली आणि मार्च १७६१ मध्ये तो पाँडिचेरीसाठी निघाला.

माझ्या मते तपासण्याजोगा पहिला निर्णय हाच आहे. एका बाजूला हाताशी असलेले, जवळचे, लहानसे पण जमिनीवरचे ठिकाण. दुसऱ्या बाजूला ठरलेले, अधिक चांगले, पण तीन महिन्यांच्या सागरप्रवासावर आणि युद्धाच्या निकालावर अवलंबून असलेले ठिकाण. त्याने दुसरे निवडले. त्याला हे ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता, की पाँडिचेरी १६ जानेवारी १७६१ रोजीच इंग्रजांच्या हाती पडली होती. मराठी वाचकाला ही तारीख चटका लावणारी आहे, कारण पानिपतानंतरचा तो दुसरा दिवस. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी ज्या फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झाला, तो बुसीही वांदिवाशला इंग्रजांचा कैदी झाला होता. दक्षिणेतील फ्रेंच सत्ता आणि उत्तरेतील मराठी फौज एकाच आठवड्यात कोसळली आणि त्यांपैकी एका पडझडीची बातमी समुद्रावर एका खगोलवेत्त्याची वाट पाहत होती.

मे महिन्याच्या अखेरीस मलबार किनाऱ्यावर माहेजवळ ती बातमी त्याला मिळाली. जहाजाच्या कप्तानाने मॉरिशसकडे परतण्याचा निर्णय घेतला; त्यात ल जाँतीचे मत चालण्याचा प्रश्न नव्हता. ६ जूनला आकाश स्वच्छ होते, शुक्र सूर्यावर आला, आणि ल जाँती हिंदी महासागरात, हलत्या डेकवर दुर्बीण घेऊन उभा होता. त्याने अधिक्रमण पाहिले आणि वेळाही लिहून ठेवल्या, पण त्यांचा उपयोग नव्हता. लंबकाचे घड्याळ डोलत्या जहाजावर नीट चालत नाही, आणि अंदाजाने काढलेल्या रेखांशात सहज अंशभराची चूक असू शकते. त्याच सकाळी मद्रासमध्ये, म्हणजे पाँडिचेरीपासून अवघ्या दीडशे किलोमीटरवर, विल्यम हर्स्ट या इंग्रज पाद्र्याने जमिनीवर उभे राहून ते अधिक्रमण टिपले.

याच वर्षीचे एक उलट उदाहरण शेजारी ठेवले पाहिजे. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन हे इंग्रज निरीक्षक सुमात्राच्या बेंकुलेनला निघाले होते. त्यांच्या जहाजावर फ्रेंचांनी हल्ला केला, निघायला उशीर झाला, आणि अखेर त्यांनी बेंकुलेनचा नाद सोडून केप ऑफ गुड होप येथेच तंबू ठोकला. त्यांचे वेध १७६१ मधील सर्वांत उपयोगी वेधांपैकी ठरले. ज्याला ठरलेले ठिकाण सोडून वाटेतल्या पक्क्या जमिनीवर थांबता आले, तो जिंकला. ल जाँतीच्या वाट्याला रॉड्रिग्जच्या रूपाने तशीच संधी आली होती. अर्थात रॉड्रिग्जवर गेलेल्या आलेक्सांद्र पँग्रे यालाही त्या दिवशी ढगांनी सतावले, तरी त्याच्या हाती काही वेळा लागल्या, हे ध्यानात ठेवावे.

मनिला की पाँडिचेरी

परत जाण्याऐवजी ल जाँतीने आठ वर्षे थांबून १७६९ चे अधिक्रमण पाहण्याचे ठरवले. मधला काळ त्याने मादागास्कर आणि आसपासच्या बेटांचे नकाशे, वारे, भरती-ओहोटी यांच्या अभ्यासात घालवला. पुढच्या अधिक्रमणासाठी त्याने स्वतः गणित करून फिलिपाइन्समधील मनिला निवडली आणि १७६६ मध्ये तो तिथे पोहोचला.

गणित म्हणून मनिला उजवी होती, यात शंका नाही. १७६९ मध्ये अधिक्रमणाचा आरंभ मनिलात आणि पाँडिचेरीत रात्री होणार होता; दोन्ही ठिकाणांहून शेवटच तेवढा दिसणार होता. मात्र मनिलाला सूर्योदयानंतर सुमारे चार तास शुक्र बिंबावर असणार होता आणि शेवटच्या स्पर्शाच्या वेळी सूर्य आकाशात चांगला वर आलेला असणार होता. पाँडिचेरीला सूर्योदयापासून शेवटच्या स्पर्शापर्यंत जेमतेम सव्वा तास मिळणार होता, आणि तोही सूर्य क्षितिजाजवळ असताना, जिथे हवेच्या जाड थरामुळे बिंबाची कडा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. चार तासांत एखादा ढग येऊन गेला तरी निभावते. सव्वा तासात ते निभावत नाही.

तरीही तो मनिला सोडून पाँडिचेरीला गेला, आणि इथेच लोकप्रिय कथा त्याच्यावर अन्याय करते. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला त्याची शिफारसपत्रे बनावट असल्याचा संशय होता, आणि परक्या राज्यात अधिकाऱ्याचा असा संशय म्हणजे कोणत्याही दिवशी उपकरणे जप्त होण्याची भीती. दुसरीकडे, १७६३ च्या तहानुसार पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली होती आणि अकादमीकडून आलेल्या पत्रात पाँडिचेरीच सुचवलेली होती. २७ मार्च १७६८ रोजी तो तिथे उतरला, म्हणजे अधिक्रमणाला चौदा महिने बाकी होते. गव्हर्नर लॉ याने त्याचे स्वागत केले आणि इंग्रजांनी उद्ध्वस्त केलेल्या किल्ल्याच्या अवशेषांवर त्याला वेधशाळा बांधून दिली. तिच्या खालच्या तळघरात बंदुकीच्या दारूचा साठा होता. त्या काळातील वसाहतीत विज्ञानाला जागा कुठे आणि कशाच्या शेजारी मिळत असे, याचे हे चित्र मला फार बोलके वाटते. मद्रासच्या इंग्रजांनी, कालपर्यंतच्या शत्रूंनी, त्याला एक चांगली दुर्बीण पाठवली.

या चौदा महिन्यांत त्याने जे केले ते आदर्श पूर्वतयारीचे उदाहरण आहे. दलीलच्या रीतीची अट पुरी करण्यासाठी त्याने पाँडिचेरीचे अक्षांश आणि रेखांश पुन्हा पुन्हा वेध घेऊन पक्के केले. घड्याळे तपासली. उरलेल्या वेळात तो तमिळ ज्योतिषांकडे बसून त्यांची ग्रहणगणिताची पद्धत शिकला. जमिनीवर कवड्या मांडून, पाठ केलेल्या श्लोकबद्ध कोष्टकांच्या आधारे, कागदाला हात न लावता ग्रहण काढणाऱ्या त्या माणसांचे त्याला मोठे नवल वाटले. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचे गणित त्यांतील एकाने पाऊण तासात करून दाखवले, आणि ग्रहणाच्या एकूण कालावधीत त्याची चूक ४१ सेकंदांची निघाली. युरोपातील टोबियास मायरच्या नामांकित कोष्टकांची चूक ६८ सेकंदांची होती. हे ल जाँतीने स्वतः नोंदवून ठेवले, याबद्दल आपण त्याचे ऋणी राहिले पाहिजे.

हवामानाच्या बाजूनेही पाँडिचेरीची निवड अडाणी नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे मृगाचे वेध लागलेले असतात, कोकणात किंवा मलबारात त्या दिवसांत सकाळी सूर्य दिसेल यावर कोणी पैज लावणार नाही. पण पाँडिचेरी पूर्व किनाऱ्यावर आहे. नैर्ऋत्येचा पाऊस घाट अडवतात, या किनाऱ्याचा, म्हणजे कोरोमंडलचा, मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, आणि जूनच्या सकाळी तिथे बहुधा स्वच्छ असतात. ल जाँतीने तर संपूर्ण मे महिना रोज सकाळी आकाश पाहिले होते आणि ते रोज निरभ्र होते. याहून अधिक पुरावा कोणापाशी मागायचा?

४ जूनची पहाट

३ जूनच्या रात्री आकाश इतके स्वच्छ होते, की गव्हर्नर लॉ आणि ल जाँती यांनी मद्रासहून आलेल्या दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह पाहिले. रविवारी पहाटे दोन वाजता त्याला जाग आली. किनाऱ्यावरच्या वाळूच्या दांड्यावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज आग्नेयेकडून येत होता. आग्नेयेचा वारा हा त्या किनाऱ्याचा झाडू समजला जाई. तो सुटला की आकाश लख्ख होते. ते ऐकून त्याला धीर आला. मग तो उठून बाहेर पाहतो तो सगळीकडे ढग, विशेषतः उत्तरेला आणि ईशान्येला, आणि हवा पूर्ण थांबलेली. पाचच्या सुमारास नैर्ऋत्येकडून थोडा वारा सुटला, ढग हलू लागले, आशा वाटली. आणि तेवढ्यात जोराची वावटळ उठली. समुद्र फेसाने पांढरा झाला, वाळू आणि धूळ उडाली. सहाच्या सुमारास वारा पडला. ढग तसेच राहिले.

सात वाजायला तीन-चार मिनिटे होती, म्हणजे शुक्र सूर्यबिंब सोडण्याच्या नेमक्या वेळी, ढगांमागे एक फिकट पांढुरकेपणा दिसला, ज्यावरून सूर्य कुठे आहे एवढे कळत होते. दुर्बिणीत काहीच दिसले नाही. त्यानंतर वारा हळूहळू फिरला, ढग विरले, सूर्य झळझळीत बाहेर आला आणि दिवसभर तसाच राहिला.

पंधरा दिवसांहून अधिक काळ त्याला लेखणी हाती धरवेना, असे त्याने लिहिले आहे. फ्रान्सला हा वृत्तांत कळवताना ती अनेकदा हातून गळून पडली. मनिलात त्या सकाळी आकाश स्वच्छ होते, हे त्याला नंतर कळले.

चूक कोणाची, आणि कुठली

मनिलात आकाश स्वच्छ होते म्हणून मनिला सोडणे चुकीचे होते, असा निष्कर्ष काढणे म्हणजे निकालावरून निर्णयाची किंमत ठरवणे. निर्णयाच्या वेळी हाती असलेली माहिती पाहिली तर परिस्थितीचे पारडे पाँडिचेरीकडे झुकते: सुरक्षित वसाहत, मदत करणारा अधिकारी, काटेकोर रेखांशासाठी पुरेसा वेळ आणि अनुकूल ऋतू. विरुद्ध बाजूला एकच पण वजनदार मुद्दा होता, तो म्हणजे खाली असलेला सूर्य आणि सव्वा तासाची अरुंद खिडकी. हा धोका ल जाँतीला गणिती म्हणून माहीत होता आणि त्याने तो पत्करला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

खरा दोष मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. त्याच अधिक्रमणासाठी प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर गेलेल्या इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने मुख्य ठाण्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. ढगांची धास्ती त्यालाही होती. म्हणून त्याने आपल्या माणसांच्या दोन तुकड्या दुसरीकडे पाठवल्या: एक शेजारच्या मोरिया बेटावर, दुसरी ताहितीच्याच किनाऱ्यावर पूर्वेकडे. तिथे दिवसभर आकाश स्वच्छ राहिले, त्यामुळे त्या ठाण्यांची परीक्षा झाली नाही, पण व्यवस्था होती. पाँडिचेरीत मात्र एक माणूस, एक छप्पर आणि आकाशाचा एकच तुकडा होता. कोरोमंडल किनाऱ्यावर दक्षिणेला कारैकल ही फ्रेंचांचीच दुसरी वसाहत होती. तिथे एक सहायक, एक घड्याळ आणि एक साधी दुर्बीण असती तर निदान दुसरी शक्यता उरली असती. ते ढग कारैकललाही असते की नाही, हा प्रश्न वेगळा. दुसरे ठाणे असणे हा नियोजनाचा भाग आहे, आणि तो एकट्या निरीक्षकाच्या अंगावर टाकता येत नाही. समुद्रापार एकाच माणसाला पाठवणाऱ्या संस्थेचा तो भाग होता.

दुसरी गोष्ट, मोहिमेच्या आखणीतच एक शहाणपण होते, ज्याकडे कथा सांगणारे दुर्लक्ष करतात. निरीक्षक जगभर विखुरलेले होते, त्यामुळे कोणा एकावर निकाल अवलंबून नव्हता. १७६१ च्या वेधांतून काढलेले पराशयाचे आकडे साडेआठ विकलांच्या खालपासून साडेदहांच्या वरपर्यंत विखुरले होते. १७६९ नंतर ते साधारण ८.४ ते ८.८ विकलांच्या पट्ट्यात आले. आजचा आकडा ८.७९४ आहे. ल जाँतीच्या वेधाविना हे घडले. उरलेल्या फरकाला ढग कारण नव्हते. स्पर्शाच्या क्षणी शुक्राचे बिंब सूर्याच्या कडेपासून सुटता सुटत नाही, शाईच्या थेंबासारखी काळी मान ताणली जाते, आणि शेजारी शेजारी उभे असलेले दोन अनुभवी निरीक्षकही वेगवेगळे सेकंद लिहून घेतात. ताहितीत हेच झाले. पाँडिचेरीचे आकाश उघडे असते तरी ल जाँतीला या काळ्या थेंबाशी झुंजावे लागलेच असते.

परतीचा प्रवासही सोपा नव्हता: आमांश, वादळात मोडलेले जहाज, पुन्हा मॉरिशस, आणि शेवटी स्पॅनिश जहाजाने काडिझ. ८ ऑक्टोबर १७७१ रोजी तो फ्रान्सच्या हद्दीत शिरला तेव्हा तो मेला असे समजून नातेवाइकांनी मालमत्तेच्या वाटणीची तयारी चालवली होती आणि अकादमीतील त्याची जागाही गेली होती. त्याच्या बायकोने दुसरे लग्न केले होते, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. तो निघाला तेव्हा अविवाहित होता, लग्न परतल्यावर झाले. अकादमीतील जागा त्याला पुन्हा मिळाली, आणि हिंदी महासागरातील प्रवासाचे दोन जाड खंड १७७९ आणि १७८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील अनेकांनी ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ची अधिक्रमणे पाहिली असतील किंवा ढगांमुळे हुकवली असतील. सूर्याचे पंधरा सेंटिमीटर व्यासाचे प्रतिबिंब पांढऱ्या कागदावर घेतले तर शुक्र तुरीच्या दाण्याएवढा दिसतो. पुढचे शुक्र अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे. बुधाचे मात्र १३ नोव्हेंबर २०३२ रोजी येते, आणि भारतीय वेळेनुसार दुपारी बाराच्या थोडे पुढे सुरू होऊन साडेचारच्या पुढे संपणारे हे संपूर्ण अधिक्रमण महाराष्ट्रातून दिसण्याजोगे आहे. बुधाचा ठिपका शुक्राच्या मानाने फारच लहान असतो, त्यामुळे दुर्बीण आणि तिच्या तोंडावर बसवलेली योग्य सौरगाळणी, किंवा कागदावर प्रतिबिंब घेण्याची सोय, दोन्हींपैकी एक लागेलच. आकाशप्रेमी मंडळांनी त्या दिवसाची आखणी करताना सगळी उपकरणे एकाच गच्चीवर नेऊ नयेत. एक तुकडी किनाऱ्यावर, दुसरी घाटावर, आणि जमल्यास तिसरी मराठवाड्यात किंवा विदर्भात बसवावी, आणि प्रत्येक तुकडीने आपले घड्याळ आदल्या दिवशीच जुळवून ठेवावे.